कृषी केंद्रातली रॅक, बदलणारी लेबलं आणि फवारणाऱ्याच्या हातातली चिठ्ठी

काळी_कसदार (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, राम राम.

खरिपाचा माल भरायला आता सुरुवात होईल. त्याआधी कृषी केंद्रवाले, शेतकरी आणि या विषयातले जाणकार, सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात माझं केंद्र आहे. खत, बियाणं आणि औषधं असे तीन परवाने आहेत. खत-बियाण्यांचं सध्या बाजूला ठेवू. औषधांचे नियम आणि लेबलं ज्या गतीनं बदलताहेत त्याबद्दल बोलायचं आहे.

अडचण अशी की आदेश निघतो दिल्लीला, आणि तो निघाला तेव्हा माल आपल्या रॅकवर आधीच येऊन बसलेला असतो. डब्यावर जुनंच लेबल असतं. पुढच्या खेपेला त्याच नावाचा, त्याच रंगाचा डबा येतो आणि मागचं पीक लेबलवरून गेलेलं असतं. दोन्ही डबे शेजारी शेजारी उभे असतात. गिऱ्हाईक नेहमीचा, औषध नेहमीचं, आणि काउंटरवरचा पोरगा नेहमीचंच सांगतो.

दुसरी अडचण नावांची. सरकारी आदेशात कधीच ब्रँडचं नाव नसतं, टेक्निकलचं, म्हणजे डब्यातल्या मूळ रसायनाचं असतं. आपली रॅक मात्र ब्रँडवर लावलेली. एकच टेक्निकल पाच कंपन्यांकडून पाच नावांनी येतं, वर मिश्र औषधांत दुसऱ्याच्या जोडीनं येतं. फोरेटवर बंदी आली हे वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘थिमेट’ लगेच येतं, पण बाकीच्या नावांचं काय?

मी काय करतो ते सांगतो. साठा रजिस्टर बॅचनुसार कायद्यानं ठेवावंच लागतं, त्याच्या जोडीला टेक्निकलनुसार एक वेगळी वही ठेवली आहे. एका पानावर एक टेक्निकल. त्याखाली माझ्याकडे ते ज्या ज्या नावानं आहे ती सगळी नावं, टक्केवारी, लेबलवरच्या विषाच्या त्रिकोणाचा रंग, लेबलवरची पिकं, आणि लेबल बदललं असेल तर कोणत्या बॅचपासून बदललं ते. नवा आदेश आला की एक पान उघडायचं आणि त्या पानावरचा माल रॅकवरून खाली घ्यायचा. मिश्र औषध दोन्ही पानांवर लिहायचं, हे विसरलं की वहीचा उपयोगच नाही.

तुमच्याकडे याहून चांगली पद्धत असेल तर लिहा. आणि आदेश कळतो कुठून? व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्यावर माझा भरवसा नाही.

---

गुणनियंत्रण_निवृत्त (अमरावती)

चांगला धागा. सेवेत असताना गुणनियंत्रण निरीक्षक म्हणून बरीच वर्षं दुकानं पाहिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांतला फरक पक्का करून घ्या. मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा राजपत्रात आला होता. त्यात मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस, पेंडीमिथॅलिन, २,४-डी अशी रोजच्या विक्रीतली नावं होती. मसुदा म्हणजे हरकती मागवणं. पण गावोगाव ‘२७ औषधं बंद’ असाच निरोप गेला, आणि त्या घबराटीचा फायदा घेऊन माल पडत्या भावात उचलणारेही निघाले. २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा त्यातून पूर्ण बंद झाली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. बाकीच्या बऱ्याच औषधांची ठरावीक पिकं वगळली गेली, औषध चालू राहिलं. दुकानदाराच्या दृष्टीनं हे पूर्ण बंदीपेक्षा अवघड, कारण डबा कायदेशीर असतो आणि सल्ला बेकायदेशीर ठरू शकतो.

तारखाही नीट वाचायच्या असतात. ऑगस्ट २०१८च्या आदेशात १८ औषधं होती. बेनोमिल, कार्बारिल, डायझिनॉन, मिथाइल पॅराथिऑन वगैरे बारा औषधं ताबडतोब गेली. अलाक्लोर, डायक्लोरव्हॉस, फोरेट, फॉस्फॅमिडॉन, ट्रायझोफॉस आणि ट्रायक्लोरफॉन या सहांना मुदत होती. त्यांचं उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०१९पासून थांबली, पूर्ण बंदी ३१ डिसेंबर २०२०पासून आली. मधल्या काळात रॅकवर असलेला माल विकणं गुन्हा नव्हता. ३१ डिसेंबरनंतर तोच डबा सापडला तर होता. म्हणून आदेशात उत्पादनाची तारीख कोणती, विक्रीची कोणती, वापराची कोणती, हे वेगवेगळं लिहून ठेवावं. तुमच्या वहीत त्यासाठी जागा करा.

आदेश बघायचा तो भारताच्या राजपत्रात आणि फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या संकेतस्थळावर. तिथं बंदी घातलेल्या आणि मर्यादित वापराच्या औषधांची यादी मिळते, शिवाय कोणत्या औषधाला कोणत्या पिकावर मान्यता आहे याचीही यादी असते. ती छापून काउंटरखाली ठेवा.

आता कायद्याचं. कीटकनाशक कायदा १९६८चा आणि नियम १९७१चे. ‘मिसब्रँडेड’ म्हटलं की लोकांना वाटतं औषधात काही भेसळ निघाली. तसं नाही. लेबलवर खोटा किंवा दिशाभूल करणारा मजकूर असेल, आवश्यक इशारा नसेल, तरी माल मिसब्रँडेडच. आत औषध शंभर टक्के शुद्ध असलं तरी. निरीक्षक ३० दिवसांपर्यंत विक्री बंद आदेश देऊ शकतो. नमुना घेतला तर त्याचे तीन भाग होतात, त्यातला एक तुम्हाला मिळतो. तो सांभाळा. अहवाल विरोधात आला आणि तो मान्य नसेल तर हातात पडल्यापासून २८ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. हे २८ दिवस वाया घालवून नंतर वकिलाकडे धावणारे खूप पाहिले.

दुकानदाराला बचाव आहे, कलम ३०मध्ये. माल परवानाधारकाकडून घेतला, दोष असल्याचं माहीत नव्हतं आणि नीट चौकशी करूनही कळलं नसतं, माल व्यवस्थित साठवला आणि आला त्याच स्थितीत ठेवला, एवढं सिद्ध करावं लागतं. म्हणजे खरेदीचं पक्कं बिल, परवान्यात त्या कंपनीच्या पीसीची (प्रिन्सिपल सर्टिफिकेट, म्हणजे तिचा माल विकायला तिनं दिलेलं प्रमाणपत्र) नोंद, आणि साठवणुकीची जागा. कागद नसेल तर तोंडी सांगून काही होत नाही.

---

संत्राबाग (वरुड)

साहेब, ते पिकं वगळल्याचं जरा उघड करून सांगा. आमच्याकडे संत्र्याच्या खोडाला वाळवी लागली, साल खाणारी अळी दिसली, की पिढ्यान्‌पिढ्या क्लोरपायरीफॉस चालतं. परवाही एका केंद्रातून तेच दिलं.

---

गुणनियंत्रण_निवृत्त

तुमचंच उदाहरण त्या आदेशात आहे. २०२३च्या आदेशानं क्लोरपायरीफॉसच्या लेबलवरून लिंबूवर्गीय फळं, बोर आणि तंबाखू काढली. संत्रा, मोसंबी, लिंबू तिन्ही त्यात आले. तसंच मॅलाथिऑनवरून ज्वारी, सोयाबीन, भेंडी, वांगी, टमाटर यांसारखी बरीच पिकं गेली. मॅन्कोझेबवरून ज्वारी आणि पेरू. डायमेथोएट कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळांवरून आणि भाज्यांवरून गेलं. क्विनॉलफॉस ज्वारीवरून.

विदर्भात बघा, यातलं कोणतं पीक आपलं नाही? संत्रा, सोयाबीन, ज्वारी, भाजीपाला. म्हणून म्हणतो, आपल्याकडच्या केंद्रवाल्यानं हा आदेश पीकवार पाठ करावा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ सालापासून चालत नाही, तरी वांग्यावर मारलेलं मी त्यानंतरही पाहिलं आहे. ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढंच आहे. कापसाचा त्यात उल्लेख नाही, आणि चहा आपल्या जिल्ह्यात पिकत नाही.

संत्राबाग भाऊ, तुमच्या फळाला आता दूरच्या बाजारात अवशेष तपासणी लागते. लेबलवर नसलेलं औषध फळात सापडलं तर गाडी परत येते, आणि तेव्हा केंद्रवाला तुमच्यासोबत उभा नसतो.

---

डवरेवाला (केळापूर)

भाऊ, तुमचं सारं बरोबर हाय. पन एक गोष्ट कोनीच बोलून नाही राह्यलं. डब्बा घेतो मी, बिल फाटते माह्या नावानं, अन् फवारते कोन? मजूर.

डब्बा धुऱ्यावर रायते. द्रावन मी बकेटीत करून देतो. तो बकेटीतून पंप भरते अन् तासात शिरते. लेबल त्याच्या डोयापुढं येतच नाही. ते घडीचं कागद असते ना, ते तर खोक्यातच रायते नाहीतर वाऱ्यावर जाते. त्रिकोन लाल का पिवया, त्याले काय मालूम?

अन् पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली का औषध झाडावर कमी, तोंडावर जास्त येते. २०१७ मधी आमच्या जिल्ह्यात काय झालं ते साऱ्याइले मालूम हाय. म्या त्या पावसाळ्यात यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पेशंट पाह्यले. डोयाले दिसत नव्हतं, हातपाय बांधून ठेवले होते. त्यातले कितीक तर दुसऱ्याच्या वावरात रोजीनं गेलेले. लेबल बदला, नियम बदला, पन ते त्या मानसापर्यंत जाईन तवा खरं.

---

काळी_कसदार

डवरेवाले दादा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. २०१७च्या त्या हंगामात वीसहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेनं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. चौकशीत दुकानदारांपासून कंपन्यांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली गेली. त्यानंतर तपासण्या वाढल्या, परवानेही निलंबित झाले. पण तपासणीत बघितलं जातं ते दुकान. धुऱ्यावरची बकेट कोणत्याच रजिस्टरात येत नाही.

ग्राहक आणि फवारणारा हे दोघं वेगळे असतील तर काउंटरवर सांगितलेलं अर्ध्या वाटेत सांडतं. यावर दुकानाच्या बाजूनं काय करता येईल?

---

बुटीबोरीकर

मी शेतीतला नाही. बुटीबोरी एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. वर्गीकरण आणि लेबलं हे माझं रोजचं काम, म्हणून रंगांबद्दल लिहितो. इथं एक मोठा गैरसमज आहे असं मला वाटतं.

आपल्या कीटकनाशकांवरचा चौकोन, म्हणजे ४५ अंशांत उभा केलेला, १९७१च्या नियमांतून आला आहे. वरच्या अर्ध्यात शब्द, खालच्या अर्ध्यात रंग, तोच तुमचा त्रिकोण. लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्श्याएवढा तो असावा लागतो. लाल रंगासोबत कवटी आणि ‘विष’, पिवळ्यावरही ‘विष’, निळ्यावर ‘धोका’, हिरव्यावर ‘सावधान’. हा रंग ठरतो एलडी-५० या आकड्यावर. प्रयोगशाळेतल्या उंदरांपैकी निम्मे मरायला दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम लागलं, तो आकडा. तोंडावाटे ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे मर्यादा वेगळ्या: २००, २००० आणि २००००. मोनोक्रोटोफॉसचा आकडा साधारण १४, म्हणून लाल. प्रोफेनोफॉसचा ३५८, म्हणून पिवळा.

या रंगातून एकच गोष्ट कळते: एकदा पोटात किंवा अंगावर गेलं तर लगेच किती घातक. डोळे भाजतील का, दररोज थोडं थोडं श्वासात गेल्यावर काय होईल, गरोदर बाईला काय, नाल्यात धुतलेल्या पंपाचं पाणी गेलं तर मासोळीचं काय, डबा पेट घेईल का, यातलं काहीच रंग सांगत नाही. पॅराक्वाट घ्या. आकड्यानं तो पिवळ्यात बसतो. पण माणसाच्या पोटात थोडंसं गेलं तरी फुप्फुसं जातात आणि त्यावर उतारा नाही. म्हणून ‘पिवळा आहे, लाल नाही’ असं काउंटरवर कोणी म्हटलं तर त्याला तिथंच थांबवावं.

जगात दुसरी पद्धत चालते, जीएचएस, म्हणजे रसायनांचं वर्गीकरण आणि लेबलं सगळीकडे सारखी असावीत म्हणून केलेली. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये ती पहिल्यांदा छापली आणि दर दोन वर्षांनी सुधारतात. लाल काठाच्या चौकोनात काळं चित्र, अशी नऊ चित्रं. ज्वाला, कवटी, उद्गारचिन्ह, छातीवर चांदणीसारखी फूट पडलेला माणूस, मेलेला मासा आणि झाड. आपल्या किरकोळ डब्यावर कायद्यानं तो १९७१चा रंगीत चौकोनच लागतो, पण कारखान्यात येणाऱ्या ड्रमवर आणि सुरक्षा माहितीपत्रकावर ही चित्रं असतात. दोन्ही पद्धतींचे आकडे जुळत नाहीत. जीएचएसमध्ये तोंडावाटे ५, ५०, ३०० आणि २००० अशा पायऱ्या आहेत. ३५८ आकड्याचा पदार्थ तिथं चौथ्या वर्गात बसतो, उद्गारचिन्ह आणि सौम्य इशाऱ्याचा शब्द. आपल्याकडे त्याच आकड्याला ‘विष’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच.

केंद्रवाल्यांना सुचवतो: प्रत्येक औषधाचं सुरक्षा माहितीपत्रक कंपनीच्या माणसाकडून मागून घ्या. त्याचे १६ विभाग असतात, क्रम ठरलेला. तुम्हाला चौथा लागेल, प्रथमोपचाराचा. पाचवा आगीचा, सहावा सांडल्यास काय करायचं त्याचा, सातवा साठवणुकीचा. वर सुधारणेची तारीख असते, ती बघा. युरोपनं एप्रिल २०२३पासून वर्गीकरणाचे नवे वर्ग लागू केले, शरीरातल्या हार्मोनमध्ये ढवळाढवळ करणारी द्रव्यं आणि निसर्गात वर्षानुवर्षं टिकणारी द्रव्यं त्यात वेगळी काढली. जुन्या मालाला टप्प्याटप्प्यानं मुदत आहे. तिकडे माल पाठवणाऱ्या कंपन्या त्यामुळे माहितीपत्रकं पुन्हा लिहिताहेत. पाच वर्षांपूर्वीचं पत्रक तुमच्या फायलीत असेल तर नवं मागा.

ईसी (पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं तेलकट औषध) लिहिलेल्या औषधांत झायलीनसारखं द्रावक असतं. ते पेट घेतं, म्हणून गोदामात त्याच्याजवळ देव्हारा, दिवा, अगरबत्ती ठेवू नये. पोटात गेल्यावर ओकारी काढायला लावली तर ते फुप्फुसात उतरतं. आपल्याकडे मिठाचं पाणी पाजून ओकवायची घाई करतात, ती जीवघेणी ठरू शकते.

---

पोडावरची_ताई (झरी जामणी)

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते. वरच्या दादांनी ओकारीचं लिहिलं ते फार गरजेचं होतं.

आमच्याकडे फवारणीचा पेशंट आला की पहिला प्रश्न आम्ही विचारतो, औषध कोणतं? उत्तर मिळतं, ‘पांढऱ्या डब्यातलं’, ‘अळीचं’. नातेवाइकाला ब्रँडही आठवत नाही. डॉक्टरला टेक्निकल लागतं. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल, प्रोफेनोफॉस किंवा मोनोक्रोटोफॉससारखं, तर अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडवर तसा उतारा नसतो, लक्षणांप्रमाणे उपचार होतात. दोन-तीन औषधं एकत्र मारलेली असली तर आणखी गोंधळ. अशा वेळी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा नंबर कामी येतो, १८०० ११६ ११७, फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. पण त्यांनाही औषधाचं नाव सांगावं लागतंच.

आमच्या भागात पोडांवरचे कोलाम मजूर फवारणीला जातात. घरी कोलामी बोलतात, मराठी समजते, पण बारीक अक्षरातलं वाचणारे थोडे. त्यांच्यासाठी शब्द कमी आणि अक्षर मोठं हवं. तुमचं दुकान एवढं करू शकलं तर आमचा पहिला अर्धा तास वाचेल.

---

शिवार_८८ (वाशीम)

मग सोपं आहे की. केंद्रवाल्यानं मराठीत मोठ्या अक्षरांचं स्टिकर छापून प्रत्येक डब्यावर चिकटवावं. टेक्निकल, रंग, उतारा, फोन नंबर.

---

गुणनियंत्रण_निवृत्त

भाऊ, हेतू चांगला आहे, पण डब्यावर काही चिकटवू नका. नियम २० प्रमाणे उत्पादकानं केलेला मजकूर, खूण बदलणं, पुसणं, विद्रूप करणं याला मनाई आहे. स्टिकरखाली बॅच नंबर किंवा मुदत झाकली गेली तर निरीक्षकाला दुसरं काही बघायची गरजच उरत नाही. आणि कलम ३०च्या बचावात ‘आला त्याच स्थितीत’ हा शब्द आहे तो लक्षात घ्या.

वेगळी चिठ्ठी द्या. बिलासोबत. त्याला कोणताही नियम आड येत नाही. खोक्यातलं घडीचं माहितीपत्रक मात्र डब्यासोबत गेलंच पाहिजे, चिठ्ठी त्याच्या बदल्यात नाही.

या निमित्तानं मुदत संपलेल्या मालाबद्दल: नियम १०-अ प्रमाणे तो लगेच वेगळा काढून, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून, वेगळ्या आखलेल्या जागेत, वर पाटी लावून ठेवायचा असतो. कोपऱ्यात पोत्यांमागे सरकवला तर तो ‘विक्रीसाठी ठेवलेला’ धरला जातो.

---

वर्ध्याची_शेती

थोडा वेगळा प्रश्न. टॉनिकचं काय? ह्युमिक, समुद्री शेवाळ, अमिनो ॲसिड. ही लेबलं पण बदललीत ना?

---

गुणनियंत्रण_निवृत्त

हो. पूर्वी ही उत्पादनं कोणत्याच कायद्यात धड बसत नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आली, म्हणजे १९८५च्या. सुरुवातीला तात्पुरती नोंदणी दिली होती, तिला मुदतवाढी मिळत गेल्या आणि १६ जून २०२५ला ती संपली. आता ज्या उत्पादनाची माहिती आदेशाच्या सहाव्या अनुसूचीत छापली गेली आहे तेच चालतं. नुसतं तात्पुरत्या नोंदणीचं जी-३ प्रमाणपत्र दाखवून माल टाकणाऱ्याला परत पाठवा. आणि लक्षात घ्या, हा माल खत परवान्यात येतो. त्याच्या लेबलवर ‘अळीवर प्रभावी’ असं काही लिहिलं असेल तर तो कीटकनाशक असल्याचा दावा झाला, मग दुसराच कायदा लागतो. असा डबा रॅकवर ठेवूच नये.

---

डवरेवाला

साहेब, ते चिठ्ठीचं करा लवकर. बाकी सारं नंतर.

---

काळी_कसदार

चिठ्ठीचा मजकूर बनवला. पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची, वर भोक आणि सुतळी, म्हणजे पंपाच्या पट्ट्याला बांधता येईल. टेक्निकलचं नाव आणि रंग काउंटरवर पेनानं लिहायचा, बाकी छापील. वाचून सुधारणा सांगा.

‘हे औषध जो फवारेल त्याच्याजवळ ही चिठ्ठी ठेवा.
औषधाचं नाव: ________
कंपनीचं नाव व बॅच: ________
रंग: लाल / पिवळा / निळा / हिरवा. हिरवा असला तरी विषच.
पीक: ________ फक्त याच पिकावर.
दुसरं औषध यात मिसळू नका.
तोंडाला फडकं, हातात मोजे, पूर्ण बाह्या. वारा पाठीमागून घ्या. उपाशीपोटी फवारू नका. तंबाखू, खर्रा, बिडी फवारणी संपून हात धुतल्यावरच.
डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम, तोंडात लाळ आली की लगेच थांबा. कपडे काढा, अंग साबणानं धुवा. ओकारी काढू नका.
१०८ ला फोन करा. ही चिठ्ठी आणि डबा डॉक्टरला दाखवा.
डॉक्टरसाठी विष माहिती केंद्र: १८०० ११६ ११७.’

चारही रंगांचे गोळे चिठ्ठीवर छापतोय, लागू असलेल्यावर खूण करायची. म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. बुटीबोरीकर साहेबांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याभरात सगळ्या कंपन्यांकडे माहितीपत्रकं मागतोय. जी देणार नाही तिचा माल या खरिपात घेणार नाही, एवढं ठरवलं आहे.

---

पोडावरची_ताई

‘अंग साबणानं धुवा’ च्या आधी ‘मोकळ्या हवेत न्या’ घाला. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं, हेही. आणि दादा, ‘दुसऱ्या माणसानं सोबत राहावं’ ही ओळ टाका. एकटाच वावरात पडलेला माणूस संध्याकाळी सापडतो, असं आमच्याकडे झालेलं आहे.

---

बुटीबोरीकर

‘तोंडाला फडकं’ नको. ओलं झालेलं फडकं औषध नाकाशी धरून ठेवतं. माहितीपत्रकाच्या आठव्या विभागात कोणता मास्क, कोणते मोजे ते लिहिलेलं असतं. तो मास्क तुमच्या केंद्रात विकायला ठेवा आणि चिठ्ठीत ‘मास्क’ असंच लिहा. मोजेही कापडी नकोत, रबरी किंवा नायट्राइल.

---

गुणनियंत्रण_निवृत्त

दोन गोष्टी. चिठ्ठीवर बिल नंबर टाका आणि दुसरी प्रत पावती पुस्तकात ठेवा. काही झालं तर दवाखान्यातून बिल नंबरवरून बॅच लगेच सापडेल, आणि तुम्ही मान्य पीक सांगितलं होतं याचा पुरावाही तुमच्याकडे राहील.

आणि ‘दुसरं औषध यात मिसळू नका’ ऐवजी ‘लेबलवर लिहिलं नसेल तर दुसरं औषध मिसळू नका’ असं करा. काही मिश्रणांना मान्यता आहे, आणि चिठ्ठीत एक ओळ जरी चुकीची निघाली तर शेतकरी बाकीच्या ओळीही मानणार नाही.

---

काळी_कसदार

तिघांच्याही सुधारणा केल्या. यवतमाळला छापायला टाकतो. ज्यांना हाच मजकूर आपल्या केंद्राच्या नावानं छापायचा आहे त्यांनी खुशाल घ्यावा, नावाची जागा कोरी ठेवली आहे. झरीच्या ताईंना विनंती, कोलामीत निदान तीन ओळी, थांबा, धुवा आणि ओकारी काढू नका एवढ्या, कोणाकडून नीट लिहून मिळाल्या तर मागच्या बाजूला छापायच्या आहेत.

---

पोडावरची_ताई

आमच्या पोडावरच्या आशा सेविकेशी बोलले. ती उद्या लिहून देते.